रोजच्या वागण्याबोलण्याचा सराव : पुणेकर पालक, शिक्षक आणि मुलांचे अनुभव

दुकानात वस्तू मागणे, रांगेत थांबणे, नको असेल तर नको म्हणणे या गोष्टी बहुतेक मुले इतरांचे बघून शिकतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना मात्र त्या बहुधा पायरीपायरीने शिकवाव्या लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, तरीही मंडईत किंवा बसमध्ये वावरण्याचा सराव शेवटी घरच्यांनाच करून घ्यावा लागतो. आपण नेमके काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.

एक आई, कोथरूड

मुलाच्या प्रवासाची सुरुवात आम्ही बसऐवजी मेट्रोने केली, कारण तिथे पुढच्या स्थानकाची घोषणा होते, स्थानकांचा क्रम बदलत नाही आणि घाईने कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. वनाज स्थानकावर सर्वांत अवघड ठरली ती सुरक्षा तपासणी, कारण अनोळखी माणसाचा हात अंगाला लागणे त्याला सहन होत नसे. म्हणून त्याच्या मामाने घरीच तपासणीचा सराव घेतला : आधी काय होणार ते सांगायचे, मग हात पसरून उभे राहायचे आणि संपल्यावर "झालं" असे मोठ्याने म्हणायचे. ते अंगवळणी पडल्यावरच आम्ही पीएमपीच्या बसकडे वळलो. तिथे कंडक्टर गर्दीतून पुढे सरकत "कुठं?" एवढेच विचारतो, त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवून "एक डेक्कन द्या" हे वाक्य आम्ही घरात पुन्हा पुन्हा म्हणून घेतले. शांत खोलीत पाठ झालेले वाक्य गर्दीत आठवेलच असे नसते, म्हणून घरच्या सरावातही थोडा गोंगाट असावा, असे माझे ठाम मत आहे.

विशेष शिक्षिका, सदाशिव पेठ

अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली सामाजिक गोष्टींची पद्धत मी वापरते. सोसायटीच्या गणपतीची आरती असेल, तर "आरतीला टाळ्या वाजतात, आवाज मोठा असतो, मला त्रास झाला तर मी आईला सांगून बाहेर जाऊ शकतो" अशी छोटी गोष्ट त्या मुलासाठी लिहिते. तिच्यात आज्ञा कमी आणि वर्णन जास्त असते. "माझ्याकडे बघून बोल" हा आग्रह मात्र पालकांनी सोडावा. डोळ्यांत बघताना ऐकणे कठीण जाते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतः सांगितले आहे.

एक वडील, हडपसर

आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याला एवढीच विनंती केली, की मुलगी काय मागते ते माझ्याकडे बघून ओळखू नका, तिलाच वेळ द्या. दुकानदार थांबू लागले, तशी ती बोलू लागली.

स्वमग्न तरुण, औंध

मला नमस्कार, धन्यवाद आणि माफ करा हे सर्व लहानपणीच शिकवले गेले, परंतु "नको" म्हणायला कोणी शिकवले नाही, त्यामुळे लग्नसमारंभात नातेवाइकांनी मिठी मारली की मी ताठ उभा राहत असे. अलीकडे मी आधीच हात जोडतो आणि "मी नमस्कार करतो" असे सांगतो. मुलांना नकाराची वाक्येही आग्रहाने शिकवावीत आणि ती त्यांनी घरातल्यांना ऐकवली, तर घरातल्यांनी ती मानावीत, अशी माझी विनंती आहे.

एक आजी, सहकारनगर

वरचे वाचून मी नातवाला विचारले. त्याला गालगुच्चा नको आहे, टाळी चालते. आता आम्ही टाळी देतो.