विषय : सोलापूरच्या आमच्या वर्गमित्राचे निधन

सप्रेम नमस्कार,

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील आमच्या तुकडीचा एक वर्गमित्र गेल्या आठवड्यात हृदयविकाराने गेला. मंडळातील आम्ही तिघे-चौघे त्याच्याबरोबर शिकलो. इतरांसाठी थोडे लिहिते.

तो शहराच्या पूर्व भागातला, विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारामुळे कानडीही त्याला सहज येई. सिव्हिलच्या वॉर्डात अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्या बायांपुढे आम्ही पुण्याकडची मुले पहिल्याच प्रश्नाला अडलो, की हा न बोलावता येऊन उभा राही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमची आंतरवासिता चालू होती. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, माणसे विसर्जन आटोपून उशिरा झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची घरे त्यांच्यावर कोसळलेली. जखमींना मिळेल त्या वाहनाने सोलापूरला आणले जात होते, आणि एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या रुग्णालयांत पांगत होती. आम्ही टाके घालण्यात गुंतलो असताना याने पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. गावच उरले नसताना तिथल्या पत्त्यावर लिहून काय उपयोग, हे सर्वांत आधी त्याच्याच लक्षात आले. म्हणून तो प्रत्येकाला लेकीचे सासर कुठले, भाऊ कुठल्या गिरणीत, असे विचारून तिकडे खुशाली कळवी. पुढे काही दिवसांनी हातात तेच कार्ड घेऊन नातेवाईक वॉर्ड शोधत येऊ लागले.

महाविद्यालयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या नावाने सुवर्णपदक द्यावे, असे मला वाटते.

आपली,
सोलापूरची एक विद्यार्थिनी

———

प्रिय मैत्रिणीस,

तुझे पत्र वाचले. पोस्टकार्डांचे सारे खरे आहे. फक्त त्याचे अक्षर इतके वाईट होते, की पत्ते बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेत असे.

पदकाला मात्र माझा विरोध आहे. शरीरक्रियाशास्त्रात दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालेल्या माणसाच्या नावाने पहिल्या क्रमांकाचे कौतुक करणे त्यालाच हसू आणणारे ठरेल. महिनाअखेरीस मेसचे पैसे थकल्यामुळे कोण जेवायला यायचा बंद झाला आहे, हे त्याला बरोबर कळे, आणि ‘आईने बोलावले आहे’ एवढेच सांगून तो त्याला घरी नेई. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी त्या घरी किती वेळा खाल्ली याची गणती नाही. आईने खरोखर बोलावले होते का, हे विचारण्याचे धैर्य मला तेव्हा झाले नाही. द्यायचेच असेल तर खेड्यातून आलेल्या मुलांच्या मेसचा खर्च द्यावा, आणि कुणाला दिला हे कोणालाही कळू नये.

तुझा,
त्याच तुकडीतला

———

आदरणीय डॉक्टर मंडळी,

दोन्ही पत्रे कार्यकारिणीपुढे ठेवली. पदकाऐवजी मेसच्या खर्चाची सूचना पहिले पत्र लिहिणाऱ्या ताईंनीही दूरध्वनीवर मान्य केली आहे. देणगीदारांची यादी स्मरणिकेत नेहमीप्रमाणे छापली जाईल. साहाय्य मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे किंवा आभारपत्रे मंडळ मागणार नाही. रक्कम थेट वसतिगृहाच्या मेसकडे भरता येईल का, याची चौकशी सोलापुरात असलेल्या आपल्या वर्गमित्रांनी करावी, ही विनंती.

कार्यवाह