मदत हवी आहे: करडईसाठी छोट्या एक्सपेलरची चाचणी

बचत गटासाठी सिंगल फेजवरचा ३ एचपीचा स्क्रू एक्सपेलर (स्क्रूने बी दाबून तेल काढणारं यंत्र) बघतोय. विक्रेत्याकडे १० किलो करडई नेऊन चाचणी घेतली. बियात ३० टक्के तेल धरलं तर ३ किलो असतं. निघालं पावणेदोन किलोच, तेही गाळासकट. पेंड मुठीत दाबली की तळहात तेलकट! पेंड पुन्हा घातली, पेंड बाहेर पडते तिथला शंकू (कोन) आवळला, तर मोटर तापून बसायला लागली. शेंगदाण्याला मात्र काही तक्रार नाही. बी उन्हात वाळवलेलं, न सोललेलं. ओलावा मोजलेला नाही. थ्री फेज मिळणार नाही. "मशीन रुळलं की सुधारेल," असं विक्रेत्याचं म्हणणं. मला पटत नाही. पैसे देण्याआधी आणखी एक चाचणी मिळेल. त्या वेळी बियाचा ओलावा किती असावा, बी आधी गरम करावं का, आणि पेंडीत किती टक्क्यांवर तेल राहिलं तर मशीन नाकारावं?