गाइड, मेंटॉर, कोच: सगळेच ‘मार्गदर्शक’?

प्रश्न: भाषांतर करताना गाइड, मेंटॉर, कोच आणि ट्यूटर हे शब्द एकाच परिच्छेदात आलेत. चारही ठिकाणी ‘मार्गदर्शक’ लिहिलं तर वाचणारा वैतागेल. फरक नेमका कसा धरायचा?

— गाइडला वाट ठाऊक असते, बस. तुम्ही कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नसलं तरी चालतं. म्हणून पुस्तकही गाइड होतं, कोच मात्र होत नाही. आपला ‘वाटाड्या’ याच्या सर्वांत जवळचा.

मेंटॉरची गोष्ट वेगळी. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात हे माणसाचं नाव आहे. ट्रॉयच्या लढाईला निघताना काव्याचा नायक ओडिसियस घरदार या मित्राच्या हवाली करून जातो. गंमत म्हणजे ओडिसियसच्या मुलाला, टेलेमॅकसला, खरी दिशा दाखवते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन! पुढे फ्रेंच लेखक फेनेलाँच्या १६९९ सालच्या कादंबरीत हे पात्र ठळक झालं आणि नावाचा सामान्य शब्द व्हायला हातभार लागला. त्यामुळे मेंटॉर म्हटलं की वय, अनुभव, जिव्हाळा आलाच. काम संपलं तरी नातं संपत नाही.

कोचचं मूळ घोडागाडीत. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून गाडीला नाव पडलं आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेच्या पैलतीरी नेणाऱ्या खासगी शिक्षकाला ते चिकटवलं. खेळात तो शब्द नंतर गेला. पल्ला ठरलेला, तिथवर पोचवायचं, ही छटा आजही शाबूत आहे.

— आणि ट्यूटर?

— लॅटिनमध्ये रक्षणकर्ता. रोमन कायद्यात अल्पवयीन मुलाचा पालक. आता उरला फक्त विषय शिकवणारा.

— ‘स्टीअर’ विसरलात. सुकाणू धरणं. एखाद्याला नकोशा विषयापासून स्टीअर केलं, तर त्याला पत्ताही लागत नाही. मराठीत ‘वळवणं’ चपखल बसतं.

— बरोबर, गाइडच्या मागे आपण जाणूनबुजून जातो. स्टीअरमध्ये तशी खात्री नाही.

— मग मेंटॉरला ‘गुरू’ म्हणू का?

— मला जड वाटतं. गुरूपुढे मान झुकते, मेंटॉरशी हुज्जत घालता येते. कोचला ‘प्रशिक्षक’, ट्यूटरला ‘शिकवणीचे सर’ करा. मेंटॉर मी तरी तसाच ठेवीन.