राजाचा हुकूम मिळूनही तंटा का मिटला नाही?

१७६७ मध्ये ब्रिटनच्या राजाने बाजू घेतली, तरी व्हरमाँटच्या (आज अमेरिकेतलं एक राज्य) शेतकऱ्यांच्या जमिनी सुरक्षित का झाल्या नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. पण आधी राजाचाच १७६४ चा हुकूम बघायला हवा. कनेक्टिकट नदीचा पश्चिम काठ ही न्यू हॅम्पशायर आणि न्यूयॉर्क या ब्रिटिश वसाहतींची हद्द 'असावी', असं त्यात होतं; म्हणजे नदीच्या पश्चिमेचं व्हरमाँट न्यूयॉर्ककडे गेलं. पण ही हद्द हुकुमाच्या दिवसापासून, की पहिल्यापासूनच? पहिल्यापासूनच, असं न्यूयॉर्कने धरलं आणि न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर वेंटवर्थ यांनी तिथल्या जमिनींच्या दिलेल्या सनदा रद्दबातल ठरवल्या. नवी सनद घ्यायची तर पुन्हा शुल्क, शिवाय शंभर एकरांना एक शिलिंगाऐवजी अडीच शिलिंग सारा. कष्टाने रान मोडून शेत केलेल्या माणसावर हा सरळ अन्याय होता.

या शेतकऱ्यांच्या वतीने सॅम्युएल रॉबिन्सन अर्ज घेऊन लंडनला गेले. जुलै १७६७ मध्ये हुकूम निघाला: न्यू हॅम्पशायरने दिलेल्या जमिनी न्यूयॉर्कने पुढील आदेशापर्यंत इतरांना देऊ नयेत. हा फक्त मनाई हुकूम होता, मालकीचा निवाडा नव्हे! ऑक्टोबरमध्ये रॉबिन्सन तिथेच देवीच्या रोगाने वारले. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी मनाई धुडकावून जमिनी वाटल्याच. १७७० मध्ये न्यूयॉर्कमधल्या ऑल्बनीच्या न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या सनदा पुरावा म्हणूनही स्वीकारल्या नाहीत. मालकीचा गुंता सुटला तो १७९० मध्ये, व्हरमाँटने न्यूयॉर्कला तीस हजार डॉलर देण्याचं ठरल्यावर.