मदत हवी आहे: बाबांना चित्रांची नावं येतात, गोष्ट सांगता येत नाही (वाचाघात)

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गेल्या दिवाळीनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात अजून जड आहे, चालणं बरंच सुधारलंय, बोलणं मात्र तुटक. समजतं जवळजवळ सगळं, बातम्या बघून चिडतात सुद्धा. ब्रोका प्रकारचा वाचाघात, म्हणजे समजतं पण वाक्य जुळवून बोलता येत नाही, असं निदान आहे.

थेरपीत चित्रं दाखवून नावं विचारतात. कप, चावी, छत्री आता पटकन येतं. पण नातीला चिऊ-काऊची गोष्ट सांगायला बसले की "काऊ... शेण... पाऊस... गेलं" आणि तिथेच अडतात. कोणाचं घर वाहून गेलं, मग काऊ कुठे गेला, हे जुळतच नाही. गंमत म्हणजे "चिऊताई चिऊताई दार उघड" आणि "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे" हे मात्र चालीसकट! आरतीही पूर्ण म्हणतात. त्यामुळे काही नातेवाईक म्हणतात, ते मनावर घेत नाहीत. (ऐकून डोकं फिरतं माझं.)

नावं यायला लागली की गोष्टही मागोमाग येते का, की तिचा सराव वेगळा करावा लागतो? आणि सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे नाही, असं आम्हाला सांगितलंय. खरं आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी वाचा-उपचाराचं काम करते. आधी त्या नातेवाईकांना सांगा की आरती आणि ठरलेली वाक्यं पाठ असतात, ती वाचाघातात पुष्कळदा शाबूत राहतात. गोष्ट सांगताना वाक्य नव्याने रचावं लागतं: क्रियापद शोधायचं, कोणी कोणाला काय केलं ते लावायचं, आणि तोवर पुढचा प्रसंग डोक्यात धरून ठेवायचा. ब्रोका प्रकारात नेमकं हेच अवघड जातं.

नावांमागोमाग गोष्ट येईलच असं नाही. ब्रिटनमधल्या बिग कॅक्टस चाचणीत (२०१९) घरी संगणकावर शब्दांचा सराव करून घेतला. सरावातले शब्द सुधारले, गप्पांमध्ये फरक पडला नाही. म्हणून गोष्टीचा सराव वेगळाच हवा.

सहा महिन्यांचं म्हणाल तर पहिल्या तीनेक महिन्यांत वेग जास्त असतो, मग तो मंदावतो. पण जर्मनीत २०१७ च्या एका अभ्यासात स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेले १५६ जण होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास उपचार मिळालेल्यांचा रोजचा संवाद सुधारला, नुसत्या वाट पाहणाऱ्या गटाचा नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन तेवढा फरक दिसेल असं समजू नका.

घरी गोष्टीची चार-पाच चित्रं काढा. प्रत्येक चित्रावर कोण, काय करतंय, एवढंच विचारा. क्रियापद आलं की पुढचं चित्र. शब्द अडला तर लगेच पुरवू नका, थोडं थांबा. व्याकरण चुकलं तरी गोष्ट पुढे जाऊ द्या. थकलेले असतील त्या वेळी अजिबात नको. आणि आहे ते बोलणं कधी अचानक बिघडलं, तर इथे विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २

आमच्या आईला वर्षानंतरही फरक पडत होता. आम्ही महिन्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. रोज कानावर पडत असल्यामुळे एरवी काहीच कळत नाही.

धागाकर्ती

खूप आभार. एकच शंका: मोबाईल समोर धरला की बाबा एकदम गप्प होतात. आणि एकच गोष्ट दर वेळी सांगायला लावली तर ती पाठच होईल ना?

प्रतिसाद १

होईल. म्हणून सराव चिऊ-काऊचा आणि तपासणी दुसऱ्या गोष्टीवर, लाकूडतोड्या किंवा ससा-कासव चालेल. रेकॉर्डिंग नकोच. त्या गोष्टीतले मुख्य प्रसंग आधी कागदावर लिहून ठेवा आणि बाबा बोलतील तसं आलेल्या प्रसंगापुढे खूण करा. अर्धवट सांगितला असेल तर अर्धी खूण. तो कागद थेरपिस्टना दाखवा, नावांच्या यादीपेक्षा त्यांना तो जास्त उपयोगी पडेल.