मदत हवी आहे : माणूस आणि चिंपांझीच्या जनुक-नियंत्रणाची तुलना

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते, एमएस्सीचा प्रकल्प करतेय. दोघांची प्रथिनं इतकी सारखी, की खरा फरक जनुकं कधी, कुठे, किती चालतात यात असावा, असं मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९७५ साली मांडलं. तेच तपासायचंय.

कोणतं जनुक किती चालतं ते कळावं म्हणून यकृताचा खुला आरएनए डेटा घेतला आणि दोघांचे रीड्स (आरएनएचे वाचलेले छोटे तुकडे) मानवी जिनोमवरच, म्हणजे माणसाच्या पूर्ण डीएनए-क्रमावरच जुळवले. एक जनुक चिंपांझीत जवळपास बंद दिसलं. केवढा आनंद झाला! जिनोम ब्राउझरमध्ये (जुळलेले रीड्स दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर एका एक्झॉनवर (जनुकाचा अंतिम आरएनएत टिकणारा तुकडा) रीड्स कापल्यासारखे थांबलेले. चिंपांझीत तिथली काही अक्षरंच नाहीत, म्हणून ते जुळतच नव्हते. आता ज्याचे रीड्स त्याच्याच जिनोमवर जुळवून फक्त सामाईक एक्झॉन मोजणार आहे.

रीड्स जुळवणाऱ्या स्टार या सॉफ्टवेअरला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, माझ्याकडे ८. त्याऐवजी हायसॅट२ हे तसंच सॉफ्टवेअर चालेल ना?

खरी काळजी वेगळीच आहे. माणसाचे सगळे नमुने एका बॅचमध्ये (प्रयोगशाळेत एकत्र प्रक्रिया केलेला गट), चिंपांझीचे दुसऱ्या. मग दिसणारा फरक प्रजातीचा की बॅचचा? मला वाटतं हे गणिताने सुटणार नाही, दुसरा डेटाच शोधावा लागेल. बरोबर आहे का? ठाणे-नवी मुंबईत कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, रविवारी लॅपटॉप घेऊन कुठेही येईन.