मुलाला प्रॉपला घातलंय. प्रॉप नेमकं करतो काय?

साताऱ्याची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली नऊ वर्षं इंग्लंडात आहोत. मुलगा पंधरा वर्षांचा, अंगानं दणकट. यंदा क्लबात त्याला रग्बीत प्रॉपला घातलाय. दर रविवारी मी कडेला उभी असते, पण मला तो दिसतच नाही! स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी डोकी अडकवून एकमेकांना रेटतात त्यात, डोकं घालून घुसतो, चिखलानं माखून बाहेर येतो. चेंडू हाती दोनदा आला तरी पुष्कळ. घरी आला की मान चोळत बसतो. हे म्हणतात, त्यापेक्षा विंगवर पळव म्हणावं, निदान एखादा ट्राय तरी करेल, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवेल. पण त्याला स्वतःला तीच जागा हवी आहे. अशा जागेवर खेळून कुणी मोठं झालंय का? त्यानं कुणाचे जुने सामने बघावेत?

जुना_हुकर:
ताई, मी मुंबईत हुकरला खेळलो. तिथे रग्बी पावसाळ्यात असते, घोट्यापर्यंत चिखल. हुकर दोन प्रॉपच्या मधे, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून अक्षरशः लटकतो. ते डगमगले तर पहिली मान माझी जाणार. त्यामुळे प्रॉप या माणसाबद्दल मला फार माया आहे.

प्रॉप म्हणजे घराला लावतात तो टेकू. एक नंबरचा लूजहेड, त्याचा डावा खांदा मोकळा असतो. तीन नंबरचा टाइटहेड, त्याचं डोकं समोरच्या हुकर आणि प्रॉपच्या मधे सापडतं, दोन्ही खांद्यांवर भार. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, पण कामं वेगळी. एका बाजूला तयार झालेला गडी दुसऱ्या बाजूला गेला की पहिल्या दिवशी अगदी नवशिका होतो.

म्हणूनच मी जेसन लेनर्डचं नाव घेईन. पूर्व लंडनच्या बार्किंगचा, पेशानं सुतार. १९९० मध्ये अर्जेंटिनात इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा फक्त २१ वर्षांचा होता. या जागेसाठी हे वय फारच कोवळं, कारण प्रॉप उशिरा पिकतो. सुरुवातीला लूजहेड. पण १९९३ मध्ये लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाबरोबर न्यूझीलंडला गेला आणि तिथे टाइटहेडला कसोटी खेळला. पुढे दोन्ही बाजू सांभाळल्या. इंग्लंडचे ११४ सामने, लायन्सच्या ५ कसोट्या, चार ग्रँड स्लॅम, म्हणजे युरोपातल्या दरवर्षीच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं. आणि इंग्लंडसाठी ट्राय किती? एक. १९९६ मध्ये, अर्जेंटिनाविरुद्ध. यजमानांना हे जरूर सांगा.

मुलाला २००३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना दाखवा, सिडनीचा. सगळे जॉनी विल्किन्सनचा शेवटचा विजयी ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच खांबांमधून मारलेली लाथ) बघतात, तुम्ही त्याआधीचं बघा. पंच स्क्रममध्ये इंग्लंडला पुन्हा पुन्हा दोषी धरत होते. ऐंशी मिनिटं संपता संपता अशाच एका पेनल्टीवर ऑस्ट्रेलियानं १४-१४ बरोबरी केली. जादा वेळेत फिल विकरीच्या जागी लेनर्ड उतरला. वय ३५. त्यानं समोरच्याला चिरडायचा प्रयत्नच केला नाही. स्क्रम कोसळू द्यायचा नाही, एवढंच काम धरलं. मग इंग्लंडविरुद्ध स्क्रमची पेनल्टी काही आली नाही, आणि सामना २०-१७ जिंकला. मी ती वीस मिनिटं कितीदा पाहिली असतील, मोजलेलं नाही.

साताऱ्याची_लेक:
दादा, वाचता वाचता अंगावर काटा आला. पण मानेचं काय? माझा जीव तिथेच अडकलाय.

जुना_हुकर:
तुमची काळजी रास्त आहे. लेनर्डचीच मान गेली होती. १९९२ मध्ये मानेतली चकती फाटली, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला. कारकीर्द संपली असंच वाटावं अशी दुखापत. पण त्याच वर्षी तो परतला, इंग्लंडचा एकही सामना न चुकवता.

हे ऐकून मुलानं दुखणं अंगावर काढायचं नाही, हे मात्र निक्षून सांगा. मान दुखते तर फिजिओला दाखवा, दुखणं हातात उतरलं किंवा मुंग्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मुलांच्या खेळात नियमही वेगळे असतात. एकोणीस वर्षांखालच्यांना स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. आणि पुढच्या फळीत, म्हणजे दोन प्रॉप आणि हुकर यांच्या जागी, शिकवून तयार केलेलाच खेळाडू लागतो. असा कुणी नसेल तर पंच रेटारेटीशिवायचा स्क्रम लावतात. प्रशिक्षकाला विचारा, मानेचा व्यायाम आठवड्यातून किती वेळा घेता? उत्तर गोलमोल आलं तर क्लब बदला.

काळी_माती:
माझ्याकडून एक नाव, ऑस ड्यू रँट. दक्षिण आफ्रिकेचा लूजहेड, ८० कसोट्या. १९९५ चा विश्वचषक जिंकला, मग दुखापतींनी काही वर्षं खेळच सुटला, शेती बघत होता. परत आला आणि २००७ चा विश्वचषकही जिंकला! बारा वर्षांच्या अंतरानं. मी स्वतः शेतकरी घरातला, म्हणून हा माणूस मला आपला वाटतो.

आणि ताई, इंग्लंडात आहात तर कलकत्ता कपची गोष्ट मुलाला सांगा. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या चषकासाठी खेळतात, तो कलकत्त्याचा एक रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला तेव्हा त्याच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवलाय. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. लेनर्डही त्यासाठी वर्षानुवर्षं खेळला.

साताऱ्याची_लेक:
दोघांचे आभार. मंगळवारी फिजिओची वेळ घेतली. काल जेवताना यांना त्या एका ट्रायचं सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला विचारलं, तुझा नंबर कितवा रे? म्हणाला, तीन.

जुना_हुकर:
म्हणजे टाइटहेड. मग रविवारी चेंडूकडे बघू नका, त्याच्या उजव्या हाताकडे बघा. समोरच्याची जर्सी त्यानं लांबवर, पाठीकडे धरलेली असली आणि कोपर वर असलं तर स्क्रम उभा राहतो. कोपर जमिनीकडे झुकलं की समजा, आता पडणार. दोन सामन्यांत तुम्हाला पंचाच्या आधी कळायला लागेल.